चित्र आणि हिशेब : इटलीतील शेतघराच्या मुक्कामाआधी

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरी परदेशप्रवासाचा एक बेत घाटतो आहे. आम्ही दोघेही महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे सुटीचे गणित ठरलेले. खर्चाचे गणितही ठरलेलेच. सात दिवसांत सात शहरे दाखवणाऱ्या सहलीला जायचे नाही, एकाच ठिकाणी आठवडाभर राहायचे आणि तेही शहरात नव्हे तर शेतावर, एवढ्यावर मात्र आमचे लगेच एकमत झाले. बरीच शोधाशोध करून मध्य इटलीतील उंब्रिया हा प्रदेश निवडला. शेजारच्या टस्कनीइतका त्याचा बोलबाला नाही. इटलीत 'आग्रितुरिझ्मो' नावाची एक रीतसर व्यवस्था आहे. शेतकरी आपल्या शेतावरच्या घरात पाहुणे उतरवतो आणि आपल्याच शेतातले ऑलिव्हचे तेल, वाइन, भाजीपाला, चीज त्यांना जेवणात वाढतो. अशी घरे संगणकाच्या पडद्यावर पाहण्यात आमच्या अनेक संध्याकाळी गेल्या. दगडी भिंती, तांबूस कौले, सायप्रसची रांग, उतारावर द्राक्षवेली. एकासारखे दुसरे, आणि तरीही प्रत्येक हवेहवेसे वाटणारे.

अशाच एका घराच्या वर्णनात, आज जिथे पाहुणे जेवतात ती खोली पूर्वी बैलांचा गोठा होती, असे कौतुकाने लिहिलेले होते. त्या शब्दापाशी मी अडलो. माझे आजोबा माणगाव तालुक्यात खोताचे कूळ होते. भात आपण पिकवायचे आणि मळणी झाली की त्यातले निम्मे खोताच्या अंगणात नेऊन घालायचे. या निम्म्या वाट्याला आमच्याकडे 'अर्धेल' म्हणत. आजोबांच्या घरात माणसे आणि बैल यांच्यामध्ये एक कुडाची भिंत काय ती होती. त्यामुळे 'गोठा' हा शब्द मला पेंढ्याच्या आणि शेणाच्या वासाशिवाय ऐकू येत नाही. तोच शब्द दरपत्रकाशेजारी शोभेसाठी ठेवलेला पाहून दोन साधे प्रश्न मनात आले. ते बैल कुठे गेले? आणि त्या बैलांमागे चालणारा माणूस कुठे गेला? प्रवासाची तयारी म्हणून मग नकाशे बाजूला ठेवून मी त्या मातीचा इतिहास वाचू लागलो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाचनाची टिपणे होत.

एका रात्रीचा पाहुणा

साहित्याच्या अभ्यासकाला इटलीतील शेताकडे जायचे तर वाट व्हर्जिलच्या अंगणातूनच जाते. इ.स.पू. ७० मध्ये मांतुआजवळ जन्मलेल्या या कवीच्या 'एक्लॉग्ज' या गोपगीतसंग्रहाने युरोपला शेताकडे पाहण्याची एक दृष्टी दिली. झाडाची सावली, बासरी, शेळ्या, निवांत दुपार हे सारे साहित्य पुढची दोन हजार वर्षे तिथूनच उसने घेतले गेले. आजच्या शेतघरांच्या जाहिरातींतही तेच आहे. परंतु हा संग्रह उघडल्यावर पहिल्याच गीतात आपल्याला भेटतो तो जमिनीवरून हुसकावलेला माणूस.

संदर्भ ऐतिहासिक आहे. इ.स.पू. ४२ मध्ये फिलिप्पीची लढाई झाली. विजयी पक्षाला आपल्या निवृत्त सैनिकांना जमिनी द्यायच्या होत्या. त्या इटलीतील अनेक नगरांच्या हद्दीतून काढून घेण्यात आल्या. व्हर्जिलच्या घराण्याची शेतीही त्यात गेली, असे परंपरा सांगते. पहिल्या गीतात दोन मेंढपाळ समोरासमोर येतात. टिटिरस हा म्हातारा रोमला जाऊन आपला तुकडा वाचवून आला आहे आणि झाडाखाली बासरी वाजवत पडला आहे. मेलिबियस आपल्या शेळ्या हाकत गाव सोडून निघाला आहे. त्याच्या एका शेळीने वाटेत उघड्या खडकावर दोन पिल्ले टाकली आणि ती तिथेच मागे राहिली. आपले शेत आता कोणी सैनिक कसणार, हे त्याला ठाऊक आहे. गीताच्या शेवटी संध्याकाळ होते आणि टिटिरस म्हणतो की आजची एक रात्र इथे राहता आले असते; पिकलेली सफरचंदे आहेत, चेस्टनट आहेत, चीज आहे, निजायला हिरवा पाला आहे.

युरोपीय साहित्यातील शेतावरच्या मुक्कामाचे इतके जुने आणि इतके नेमके निमंत्रण मला दुसरे आठवत नाही. खाद्यपदार्थांची यादीसुद्धा आजच्या दरपत्रकाशी जुळते! मात्र पाहुणा कोण आहे ते पाहावे. तो सहलीला आलेला नागरिक नाही. त्याचे स्वतःचे शेत नुकतेच गेले आहे. मूळ क्रियापदाचे रूपही मौजेचे आहे. 'राहा' असा सरळ आज्ञार्थ तिथे नाही. राहणे शक्य होते, अशी भूतकाळाकडे झुकलेली छटा त्यात आहे. मेलिबियस काय उत्तर देतो, हे कवी सांगत नाही. वर्गात हे गीत भाषांतरातून शिकवताना मी आजवर सावली आणि बासरी यांवरच जास्त बोलत आलो, याची मला या खेपेस थोडी लाज वाटली.

प्लिनीची दोन पत्रे

आम्ही निवडलेला भाग टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे. आजचे चित्ता दी कास्तेल्लो हे गाव म्हणजे रोमन काळातील टिफर्नुम टिबेरिनुम. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या अखेरीस या परिसरात धाकट्या प्लिनीचा शेतवाडा होता. सान जुस्तिनोजवळच्या उत्खननात त्याच्या नावाची आद्याक्षरे उमटवलेल्या विटा सापडल्यामुळे जागेविषयी फारशी शंका उरलेली नाही. एका मित्राला लिहिलेल्या लांबलचक पत्रात प्लिनीने या वाड्याचे वर्णन केले आहे. भोवती डोंगर, त्यांवर जुनी जंगले, खाली द्राक्षवेली, मध्ये नदी. जणू निसर्गाने बांधलेले रंगमंडल. उंचावरून पाहिले तर ही खरी जमीन नसून कोणी कुशलतेने रंगवलेले चित्र आहे असे वाटते, असे तो म्हणतो. इथे टोगा नेसावा लागत नाही, शेजारीपाजारी येऊन त्रास देत नाहीत, याचेही त्याला सुख आहे. आजच्या कोणत्याही पाहुण्याने घरी लिहावे असे हे पत्र आहे.

या पत्राशेजारी प्लिनीचेच दुसरे एक पत्र ठेवून वाचायला हवे. त्यात तो आपल्या शेतजमिनींच्या काळजीत आहे. खंडात सूट देऊनही कुळांची थकबाकी वाढतच चालली आहे. फेडणे अशक्य झाल्यामुळे ती फेडण्याची उमेदही कुळांना उरलेली नाही, आणि आपल्यासाठी काही उरणारच नाही या विचाराने ती हाती येईल ते खाऊन टाकतात. यावर उपाय म्हणून त्याने ठरवले आहे की पुढे रोख खंड घ्यायचा नाही, पिकाचा वाटा घ्यायचा. आणि कामावर व राशीवर नजर ठेवायला आपली माणसे नेमायची.

दोन्ही पत्रे एकाच माणसाची आहेत. एकात जमीन चित्र आहे, दुसऱ्यात हिशेब. प्लिनी लबाड नव्हता. ज्या गच्चीवरून चित्र दिसते तिथून हिशेबाची वही दिसत नाही, एवढेच. पण पुढे कित्येक शतके मध्य इटलीचा डोंगरउतार त्या दुसऱ्या पत्रातील तोडग्याच्याच धर्तीवर कसला गेला, आणि आज आपण ज्याच्यासाठी विमानाने जातो ते पहिल्या पत्रातील चित्र मुख्यतः त्या वाट्याच्या शेतीने घडवले, हे लक्षात आले की दोन्ही पत्रे वेगवेगळी वाचता येत नाहीत.

अर्धेलीचे घर

त्या वाट्याच्या शेतीचे इटालियन नाव 'मेझ्झाद्रिया'. शब्दात 'अर्धा' आहे. म्हणजे आमची अर्धेलच! तेराव्या-चौदाव्या शतकांपासून टस्कनी, उंब्रिया, मार्के या प्रदेशांत ही पद्धत रुजली. फ्लॉरेन्स, सिएना यांसारख्या नगरांतील व्यापाऱ्यांनी भोवतालच्या जमिनी घेतल्या, त्यांचे एकेका कुटुंबाला पुरतील असे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याच्या मधोमध एक घर बांधले. या तुकड्याला 'पोदेरे' म्हणत. जमीन आणि घर मालकाचे, श्रम कुळाचे, पीक निम्मे-निम्मे. कुटुंबाने त्या घरातच राहायचे, असा करार असे. आज टेकडीटेकडीवर सुटी उभी दिसणारी दगडी घरे पाहून आपल्याला जो एकांत भासतो, तो मुळात या करारातील कलम आहे.

करार जमिनीपुरताच नव्हता. कुटुंबात किती हात आणि किती तोंडे आहेत याच्याशी मालकाचा संबंध होता. त्यामुळे घरातील लग्नालाही त्याची संमती लागे. सणावारी कोंबडे, अंडी मालकाच्या घरी पोहोचवावी लागत. वर्षअखेरीस कारभारी वही उघडी आणि देणे-घेणे मांडी. कुळाला बहुधा लिहिता-वाचता येत नसे, वहीत काय लिहिले ते कारभाऱ्यालाच ठाऊक. वही बदलली, भाषा बदलली. पण आजोबांच्या बोलण्यात येणारी खोताची वही मला इथे ओळखीची वाटली.

घराची रचनाही याच व्यवस्थेतून आलेली. खाली बैलांचा गोठा, वर माणसांची वस्ती, म्हणजे हिवाळ्यात जनावरांची ऊब वर चढावी. वर मोठे स्वयंपाकघर आणि त्यात माणसे आत बसू शकतील एवढी चूल. १७७० साली फेर्दिनांदो मोरोझ्झी याने फ्लॉरेन्समध्ये शेतकऱ्यांच्या घरांविषयी एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. घर नीट असेल तर कूळ टिकेल आणि उत्पन्न वाढेल, हा त्या काळच्या सुधारक जमीनदारांचा विचार होता. आज 'पारंपरिक' म्हणून ज्यांची छायाचित्रे छापली जातात अशी बरीच घरे या सुधारणेच्या काळातली आहेत.

चित्रकलेतही या व्यवस्थेची एक साक्ष आहे. सिएनाच्या नगरभवनात आम्ब्रोजो लोरेंझेत्ती याने १३३८-३९ मध्ये सुराज्याचे परिणाम दाखवणारे भित्तिचित्र काढले. त्याच्या एका भागात नगर आहे, दुसऱ्यात शेतशिवार. दोहोंच्या मधल्या वेशीतून श्रीमंत मंडळी ससाणे घेऊन घोड्यांवरून शिकारीला बाहेर पडत आहेत; उलट दिशेने एक शेतकरी डुक्कर हाकत आणि इतर काही जण लादलेली गाढवे घेऊन नगराकडे येत आहेत. शहर बाहेर निघते ते मौजेसाठी, खेडे आत येते ते ओझे घेऊन. वर आकाशात 'सुरक्षितता' देवी तरंगते आहे आणि तिच्या हातात एक फाशीचा खांब आहे, त्यावर एक माणूस लटकलेला. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या या चित्रकाराने चित्रातच हिशेब मांडून ठेवला, असे म्हणावेसे वाटते.

एमिलिओ सेरेनी या मार्क्सवादी अभ्यासकाने १९६१ साली इटलीच्या शेतभूदृश्याचा इतिहास लिहिला. त्याचे मुख्य म्हणणे असे की ज्याला आपण निसर्गसौंदर्य म्हणतो ते मनुष्याने शेती करताना निसर्गावर उमटवलेले रूप असते. मेझ्झाद्रियाच्या शेताला हे अक्षरशः लागू पडते. कुटुंबाला त्या एका तुकड्यातून सर्व काही काढायचे असे. म्हणून गव्हाच्या पट्ट्यांमधून झाडांच्या रांगा, झाडांवर चढवलेल्या द्राक्षवेली, बांधावर ऑलिव्ह, उतारावर दगडी ताली. वेलीला झाडाच्या आधाराने वाढवण्याची ही रीत व्हर्जिलनेही आपल्या 'जॉर्जिक्स' या कृषिकाव्याच्या आरंभी सांगितलेली आहे. प्रवाशांना जी नक्षी वाटते, ती तिथल्या घरासाठी वर्षभराची बेगमी होती.

अर्थात या घरांत केवळ दैन्यच होते असे समजणे चुकीचे ठरेल. हिवाळ्याच्या रात्री चुलीभोवती किंवा गोठ्याच्या उबेत शेजारी जमत, गोष्टी होत, आठ ओळींच्या कडव्यांत शीघ्रकवने रंगत. फ्रेंच निबंधकार मोंतेन १५८१ साली लुक्काजवळच्या झऱ्यांवर औषधी स्नानासाठी राहिला होता. तिथे त्याला दिवित्सिया नावाची एक शेतकरी बाई भेटली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण घरी आरिओस्तोचे काव्य ऐकून ऐकून ती आपणहून पद्ये रचू लागली होती. मोंतेनने तिला आपल्या पंगतीला बसवले आणि तिच्या पद्यांची दखल आपल्या प्रवासवहीत घेतली. यजमानाकडे केवळ पाहणारे प्रवासी पुष्कळ झाले. त्याचे ऐकून घेणारे थोडे, आणि त्यांत हा एक. पुढे दोनशे वर्षांनी, १७८६ मध्ये गटे उंब्रियातून गेला तेव्हा असिसीला त्याने प्राचीन रोमन देवालय डोळे भरून पाहिले आणि संत फ्रान्सिसच्या मंदिराकडे पाठ फिरवली. मोठा कवीसुद्धा प्रवासात जे पाहायला निघालेला असतो तेच पाहतो.

न बोलावलेले पाहुणे

या खोऱ्याशी मराठी माणसाचा पहिला मोठा संबंध पर्यटनातून आलेला नाही. १९४४च्या उन्हाळ्यात दोस्त सैन्य टायबरच्या काठाने उत्तरेकडे सरकत होते आणि त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी जर्मन मशिनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले, ग्रेनेड टाकून त्यांनी ती मशिनगन बंद पाडली, उरलेल्या शत्रूंशी हातघाईची लढाई केली आणि अखेर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते माणगाव तालुक्याचे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. लहानपणी आजोबांचे बोट धरून बाजाराला जाताना मी त्यांचे नाव ऐकत आलो. पण ते जिथे पडले ती जागा आणि आम्ही सुटीसाठी हेरलेला डोंगरउतार एकाच खोऱ्यात आहेत, हे मला नकाशा पाहीपर्यंत उमगले नव्हते. उंब्रियातील मोन्तोने या गावी २०२३च्या जुलैत त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळरूपी स्मारक उभारण्यात आले.

त्याच युद्धात या शेतघरांनी आणखी एक पाहुणचार केला. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली आणि युद्धकैद्यांच्या छावण्यांतून हजारो दोस्त सैनिक बाहेर पडले. त्यांत भारतीय जवानही होते. त्यांना आसरा देणाऱ्याला मृत्यूची शिक्षा आणि पकडून देणाऱ्याला बक्षीस, असे जर्मनांनी जाहीर केले होते. तरीही ज्यांचे स्वतःचेच पोट निम्म्या वाट्यावर होते अशा अगणित शेतकरी कुटुंबांनी या परक्यांना गोठ्यात, माळ्यावर, रानातल्या खोपीत महिनोन्महिने लपवले. टस्कनीतील एका मोठ्या वतनाची मालकीण आणि लेखिका आयरिस ओरिगो हिची १९४७ साली प्रसिद्ध झालेली युद्धकाळातील रोजनिशी या दिवसांचा पुरावा आहे. एरिक न्यूबी हा इंग्रज लेखक स्वतःच असा लपलेला पाहुणा होता; त्याने १९७१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढे १९८९ मध्ये काही माजी कैद्यांनी इटालियन तरुणांना इंग्लंडमध्ये इंग्रजी शिकता यावे म्हणून मोन्ते सान मार्तीनो न्यास स्थापन केला. त्या मुक्कामांचे भाडे कोणी मागितले नव्हते. ते ज्यांना जमले त्यांनी असे फेडले.

रिकामी झालेली घरे

युद्धानंतर हिशेब बदलू लागला. कुळांच्या संघटना उभ्या राहिल्या, संप झाले आणि १९४७ मध्ये कुळाचा वाटा ५० वरून ५३ टक्क्यांवर आला. सहा-सातशे वर्षांच्या झगड्यानंतर तीन टक्के! १९६४च्या कायद्याने तो ५८ टक्के केला आणि मेझ्झाद्रियाचे नवे करार करण्यास बंदी घातली. १९८२च्या कायद्याने उरलेले करार साध्या खंडात बदलण्याची वाट केली. पण कायदा येईतो माणसे निघाली होती. १९५१ साली इटलीत काम करणाऱ्या दर दहांपैकी चारांहून अधिक जण शेतीत होते. १९७१ पर्यंत हे प्रमाण दहात दोनाच्याही खाली आले. मिलान आणि तुरिनचे कारखाने, जवळच्या शहरांतील गिरण्या आणि बांधकामे यांनी तरुणांना ओढून नेले. कारखान्यात आठ तासांचा दिवस, ठरलेला पगार आणि नळाचे पाणी होते. डोंगरावरच्या अनेक घरांत वीजही पोहोचलेली नव्हती. मुली शेतकऱ्याशी लग्न करायला तयार होईनात. मराठी वाचकाला हे शेवटचे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे असे मिळाले. बैलांमागे चालणारा माणूस कारखान्यात गेला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अधिक विचित्र आहे. मध्य इटलीतील पांढरे, उंचेपुरे क्यानिना जातीचे बैल शतकानुशतके नांगर ओढत होते. ट्रॅक्टर आल्यावर त्यांची गरज संपली, जात संपण्याच्या वाटेवर आली आणि मग मांसासाठी तिची नव्याने पैदास होऊ लागली. फ्लॉरेन्सच्या खाणावळींत पर्यटक ज्या जाडजूड मांसखंडाची मागणी करतात, तो उत्तम म्हणून नावाजला जातो तो याच जातीचा. पूर्वीच्या गोठ्यातील भोजनगृहात तो बैल असा परत येतो.

रिकाम्या घरांची छपरे कोसळू लागली, बागांत रान माजले. काही शेतांवर सार्डिनियातून आलेले मेंढपाळ वसले. काही घरे इंग्रज, जर्मन, डच लोकांनी स्वस्तात घेतली. सायप्रसच्या वाटेवरील जुने घर विकत घेऊन नवे आयुष्य सुरू करणे ही पुढे एक साहित्यिक कथाच बनली. अमेरिकन लेखिका फ्रान्सेस मेयस हिचे १९९६ सालचे टस्कनीवरील आत्मपर पुस्तक जगभर वाचले गेले आणि २००३ मध्ये त्यावर चित्रपट आला. या कथेची सुरुवात नेहमी रिकाम्या घरापासून होते. ते रिकामे कसे झाले, ही तिच्या आधीची कथा आहे.

आग्रितुरिझ्मोचा जन्म याच ओसाडीतून झाला. १९६५ साली जमीनमालकांच्या एका मोठ्या राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली 'आग्रितुरिस्त' ही संस्था निघाली. शेतावर पाहुणे आले तर शेतकरी शेत सोडणार नाही, घरे पडणार नाहीत, असा विचार त्यामागे होता. त्याच वर्षी कुळांना जमीन विकत घेण्यासाठी दीर्घ मुदतीची स्वस्त कर्जे देणारा कायदाही झाला आणि काही कुळे खरोखर मालक झाली. ५ डिसेंबर १९८५च्या कायद्याने आग्रितुरिझ्मोची व्याख्या केली आणि २० फेब्रुवारी २००६च्या कायद्याने ती नव्याने मांडली. या व्याख्येचा कणा एकच आहे: पाहुणचार शेतीला जोडून असावा, शेतीच्या जागी नसावा. पाहुणे उतरवणारा शेतकरी असलाच पाहिजे, शेती हाच त्याचा मुख्य उद्योग राहिला पाहिजे आणि त्याने वाढलेल्या अन्नात त्याच्या व परिसरातील मालाचा ठरावीक वाटा असला पाहिजे. 'वाटा' हा शब्द असा पुन्हा आला, पण या वेळी कुळाच्या विरुद्ध नव्हे. आज इटलीत अशी पंचवीस हजारांहून अधिक घरे आहेत. ही व्यवस्था नसती तर पुष्कळ उतार आज रान झाले असते, हेही मान्य केले पाहिजे. चित्राच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येईल.

बेताचा पुनर्विचार

इतके वाचल्यावर आमचा बेत रद्द झाला नाही, बदलला मात्र. मे महिन्याऐवजी दिवाळीच्या सुटीत जायचे ठरले. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा तिथे ऑलिव्ह उतरवण्याचा हंगाम. डोंगर तेव्हा मेसारखे हिरवे नसतात, पाऊसही असतो. पण शेतावर शेतीचे काम चाललेले असते. ११ नोव्हेंबरला सान मार्तीनोचा सण येतो. उत्तर इटलीत जुने शेतकरार या दिवशी संपत आणि ज्यांचा करार पुढे चालू होत नसे ती कुटुंबे गाडीत संसार भरून दुसऱ्या शेताकडे निघत. 'सान मार्तीनो करणे' म्हणजे घर हलवणे, हा वाक्प्रचार अजून भाषेत आहे. आपण सुटीत घर सोडून जाऊ तेव्हा ही तारीख जवळच असेल, हे मनात राहील.

घर निवडतानाही पाहण्याच्या गोष्टी बदलल्या. २०१३ पासून आग्रितुरिझ्मोंना एक ते पाच सूर्यफुलांची राष्ट्रीय श्रेणी दिली जाते. ती सोयींची खूण म्हणून उपयोगी आहे. तिच्यापलीकडे आम्ही घरमालकांना पत्रातून तीन गोष्टी विचारल्या. शेत तुम्ही स्वतः कसता का? जेवणातले काय काय तुमच्या शेतातले? आणि हे घर पूर्वी कोणाच्या वहिवाटीत होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सर्वांकडून आली. तिसऱ्याचे एकाच घराकडून आले. त्या बाईंनी लिहिले की त्यांचे सासरे याच घरात मेझ्झाद्रिया करत होते. पुढे कर्ज काढून त्यांनी ते विकत घेतले आणि ते कर्ज फिटायला एक पिढी लागली. त्या घरात पोहण्याचा तलाव नाही, खोल्याही चारच. आमची आठवड्याची नोंदणी तिथे झाली आहे. बसगाडीची सोय नसल्यामुळे मोटार भाड्याने घ्यावी लागेल, व्हिसाची कागदपत्रे जमवायची आहेत, आणि मोन्तोनेला एक दिवस राखून ठेवला आहे.

राहता राहिले आजोबांचे घर. आमच्याकडे खोती १९४९च्या कायद्याने गेली आणि १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्याप्रमाणे कसणाऱ्याच्या मालकीचा दिवस ठरला. आजोबांना जमीन मिळाली, घर नावावर झाले. उंब्रियातील त्यांच्या समकालीनांना त्याच वर्षांत घर सोडण्याखेरीज फारसा मार्ग दिसत नव्हता. पण पुढच्या दोन पिढ्यांत आम्हीही मुंबई-पुण्याला पांगलोच. फरक एवढाच की आमचे रिकामे घर आमचेच आहे. आता चुलतभावाने त्यात शहरी पाहुण्यांसाठी निवासाची सोय करायचे मनावर घेतले आहे. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले, त्याचे कागद त्याने जमवले आहेत. गोठ्याची खोली करावी का, असे तो मला वर्षभर विचारतो आहे आणि मी वर्षभर टाळतो आहे. पुढच्या दिवाळीत मी दुसऱ्याच्या गोठ्यात जेवायला बसणार असेन, तर आपल्या गोठ्याला नको म्हणण्याचा अधिकार मला उरत नाही. परवा मी त्याला होकार कळवला. जाहिरातीत 'पूर्वीचा गोठा' असे लिहू का, हे त्याने विचारले. लिही म्हटले, आणि तो कोणाचा, निम्मे भात कुठे जात होते, तेही दोन ओळींत लिही.